लिंकांचं हळदीकुंकू

आमच्या सोसायटीतल्या बायकांनी एका संक्रांतीला वाण म्हणून एकमेकींना वेबसाइटच्या लिंका दिल्या. हे कुणाला सांगितलं की आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे नेमकं काय दिलं? मलाही तेव्हा नेमकं माहीत नव्हतं, कारण मला बोलावलंच नव्हतं.

भाईंदरला राहून वाणात स्टीलची वाटी देणं म्हणजे कोळणीच्या घरी बोंबील घेऊन जाणं. स्टीलचे गाळे हाकेच्या अंतरावर. वाट्या, चमचे, झाकणाचे डबे प्रत्येकीच्या माळ्यावर इतके साठलेत की पुढच्या पिढीच्या बारशालाही पुरतील. त्यामुळे 'यंदा काहीतरी वेगळं देऊया' असं दरवर्षी ठरायचं आणि दरवर्षी पुन्हा वाटीच यायची. त्या वर्षी मात्र चौथ्या मजल्यावरच्या सेक्रेटरींच्या सुनेने मनावर घेतलं. ही मुलगी आधी अंधेरीला डिजिटल मार्केटिंगच्या कंपनीत होती. लग्नानंतर नोकरी सोडून घरूनच क्लास घ्यायला लागली, वेबसाइट सर्चमध्ये वर कशी आणायची त्याचे. बोलायला गोड आहे, हे मी तिच्यावर चिडलेली असतानाही नाकारत नव्हते.

तिचं म्हणणं असं, की आपल्या बिल्डिंगीत प्रत्येकीचं काही ना काही चाललंय. एकीचं पार्लर, एकीच्या उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी, एकीचं दहावीचं गणित, एकीच्या नवऱ्याचं पेणकरपाड्यातलं पेस्ट कंट्रोल. साइट सगळ्यांच्या आहेत आणि दिसत कुणाचीच नाही. सर्च इंजिन म्हणे बघत असतं की तुमच्याकडे बोट कोण कोण दाखवतंय. दुसऱ्याच्या साइटवर तुमची लिंक असली की त्याला वाटतं, या बाईत काहीतरी आहे. बोटं जितकी जास्त, तितकं तुमचं नाव वर. मग आपणच एकमेकींकडे बोट दाखवूया की! हळदीकुंकू लावायचं, तिळगूळ द्यायचा, फोन उघडायचा आणि आपल्या साइटवर समोरचीची लिंक टाकायची. झालं वाण लुटून.

मी शिवलेल्या नऊवारी विकते. साडी घेऊन या, मापं द्या, पायजम्यासारखी चढवता येईल अशी नऊवारी घेऊन जा. नवरा होता तोवर हा माझा छंद होता, तो गेला आणि त्याच मशीनवर घर आलं. मुलीने पुण्याला सासरी जाण्याआधी मला साइट करून दिली होती. ती साइट सर्चमध्ये शोधायची तर दहा पानं उलटावी लागायची, आणि नऊवारी हवी असलेली बाई काही दहा पानं उलटत बसत नाही. म्हणजे मला लिंका हव्या होत्या. पण खरं सांगायचं तर लिंकांपेक्षा मला बोलावणं हवं होतं. आधी दरवर्षी सेक्रेटरींच्या त्याच हॉलमध्ये, त्याच सोफ्यावर बसून मी कुंकू लावून घेतलेलं आहे. टिकली मी आजही लावते. पण ती माझी मी लावते. दुसरीने लावावं असं आता कुणाला वाटत नाही.

बातमी मला समोरच्या गुजराती बेनने दिली. तिळगूळ द्यायला आली आणि विचारती झाली, तुम वहाँ दिखी नहीं? ही खाखरे करून विकते. हिच्याकडे तर वेबसाइटही नव्हती. तिला तिथल्या तिथे वेबसाइट करून दिली आणि मग तिला लिंका दिल्या. मी म्हटलं, छान झालं. दार लावून आत आले आणि चांगला अर्धा तास उलट्या बाजूने शिवण घातली, मग ती उसवत बसले.

दोन दिवसांनी ती सून लिफ्टमध्ये भेटली. मी तोंडावर विचारलं. ती कावरीबावरी झाली. म्हणाली, काकू, तुम्हाला ऑकवर्ड वाटू नये म्हणून आई म्हणाल्या की नको बोलवायला. नवरा गेल्यापासून बघतेय, ज्याला त्याला माझ्या वाटण्याचीच काळजी. मला वाईट वाटू नये म्हणून बारशाला बोलवत नाहीत, मला त्रास होऊ नये म्हणून डोहाळजेवणाचं कानावर येऊ देत नाहीत. इतकी काळजी नवऱ्याने जन्मात घेतली नाही. मी तिला म्हटलं, "कुंकवाचं राहू दे. पण लिंकेला कुठे मंगळसूत्र लागतं?" तिचा मजला आला, ती उतरली.

मग मी त्या लिंका बघायला बसले. लिंक म्हणे नुसती चिकटवायची नाही, मजकुरात सहज आली पाहिजे. हा 'सहज' शब्द आमच्या बायकांनी फारच मनावर घेतला होता. मोदकांच्या साइटवर लिहिलं होतं, 'मोदकाची पारी पातळ असावी आणि घरात झुरळ नसावं, त्यासाठी इथे क्लिक करा.' अगं बाई, जिच्याकडून मोदक घ्यायचे तिच्याच पानावर झुरळ! पार्लरवालीने वधूच्या मेकअपखाली समजावलं होतं की चेहऱ्यावर तेज आलं तरी गणित कच्चं राहू शकतं. पेस्ट कंट्रोलच्या पानावर ढेकणाच्या फोटोशेजारी खुसखुशीत खाखऱ्यांची लिंक. आणि गणितवालीने तर कमाल केली होती, थेट प्रमेयाच्या खाली आयब्रो. मी मशीनवर बसल्या बसल्या हे वाचायचे आणि खो खो हसायचे. हसता हसता मध्येच थांबायचे, कारण एवढ्या वाक्यांत माझी नऊवारी कुठेच नव्हती. झुरळाला जागा मिळाली होती, मला नाही.

बरं, या वेडपटपणाचा उपयोग होऊ नये की नाही? पण झाला. पाडव्याच्या सुमारास भाईंदरमध्ये मोदक शोधले की आमची मोदकवाली पहिल्या पानावर यायला लागली. पार्लर तिच्या खालोखाल. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी सुविचाराऐवजी स्क्रीनशॉट. सेक्रेटरीबाई, म्हणजे त्या सुनेच्या सासूबाई, लिफ्टमध्ये अशा उभ्या राहायच्या की लिफ्टही त्यांनीच वर आणलीये. आमच्या सुनेचं डोकं, आमच्या सुनेचं डोकं, हे ऐकून माझं डोकं उठलं. मग मीरा रोडच्या सोसायट्यांतल्या बायकाही यात आल्या. सगळ्या सगळ्यांना लिंका देत सुटल्या. कुणाला काही शोधायचं नव्हतं, सगळ्यांना फक्त सापडायचं होतं.

श्रावणात सगळं बसलं. मोदकवाली एका सकाळी उठली आणि तिची साइट सर्चमध्ये नाही. पहिल्या पानावर नाही, पाचव्यावर नाही. पार्लर गेलं, गणित गेलं, खाखरे गेले. सर्च इंजिनला इतकं तरी कळतं, की सगळ्या जणी गोल करून एकमेकींचीच स्तुती करत असतील तर कुठेतरी पाणी मुरतंय. त्याने अख्ख्या गोलालाच उचलून मागे टाकलं. मोदकवालीच्या गणपतीच्या ऑर्डरी निम्म्या झाल्या, ती सुनेच्या दारात जाऊन भांडून आली. आणि सुनेची स्वतःची साइट, वर कसं यायचं हे शिकवणारी, ती तर नावाने शोधली तरी सापडेना. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मी त्या दिवशी शिरा केला.

त्याच सुमारास माझी साइट वर यायला लागली. मी काही केलं नव्हतं. एका शाळेच्या बाईंनी स्नेहसंमेलनाच्या मुलींसाठी नऊवारी नेल्या होत्या, त्यांनी शाळेच्या पानावर माझी लिंक दिली. एका ढोल पथकाने दिली. लग्न करून परदेशी गेलेल्या एका मुलीने तिथल्या मराठी मंडळाच्या साइटवर लिहिलं की ही नऊवारी दिवसभर नाचून सुटली नाही. यातल्या एकालाही मी सांगितलं नव्हतं. त्यांना साडी आवडली, त्यांनी बोट दाखवलं, संपलं.

पुढची संक्रांत आली आणि बेल वाजली. दारात ती सून. म्हणाली, काकू, मंगळवारी यायचं हं. मी काही बोलायच्या आत तिने सगळं एका दमात सांगून टाकलं. तुमच्या साइटला आता ऑथॉरिटी आहे, म्हणजे सर्चमध्ये तिच्या शब्दाला वजन आहे. तुमच्या साइटवरून एकेक लिंक मिळाली तर सगळ्या जणी पुन्हा वर येऊ शकतील. तेवढं वाण तुम्ही द्या. आणि मग, आवाज खाली आणून, म्हणाली, "फक्त कुंकू चालू असेल तेव्हा तुम्ही आतल्या खोलीत बसा, आई म्हणाल्यात. लिंकांच्या वेळी मी बोलावते."

बघा म्हणजे. नवरा गेल्यावर पहिल्यांदा कुणीतरी मला ऑथॉरिटी आहे म्हणालं, आणि ती ऑथॉरिटी ठेवायची कुठे, तर आतल्या खोलीत, गाद्यांच्या ढिगाशेजारी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी शांतपणे म्हटलं, येते.

गेले. माझ्या हातची, जांभळ्या काठाची नऊवारी नेसून, नथ घालून गेले. टिकली मुद्दाम लावली नाही. आणि आतल्या खोलीकडे न वळता हॉलमधल्या सोफ्यावर, सगळ्यांच्या मधोमध बसले. मोदकवालीने तिळगुळाकडे बघितलं, पार्लरवालीने फोनकडे. सेक्रेटरीबाई करंडा घेऊन एकेकीसमोर वाकत येत होत्या. माझ्यापाशी आल्या आणि थबकल्या. मग त्यांनी मला नुसती हळद लावली, कुंकवावरून बोट मागे घेतलं आणि पुढच्या बाईकडे वळल्या. म्हणजे सौदाच की! अर्धं घ्या, गप्प बसा.

मी म्हटलं, "कुंकू राहिलं."

त्या म्हणाल्या, अहो, तुम्हालाच कसंतरी वाटेल. मी म्हटलं, मला काही वाटणार नाही, लावा. त्यांचा हात काही वर येईना. सगळ्यांच्या माना खाली. एवढा वेळ रागाच्या जोरावर बसले होते, आता राग ओसरला आणि फक्त लाज उरली, की वयाच्या पन्नाशीत मी कपाळ पुढे करून मागतेय आणि समोरची देत नाहीये. उठून निघावं असं वाटलं. पाय उचलला गेला नाही.

तेवढ्यात सून पुढे आली. तिने सासूच्या हातातला करंडा घेतला. बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्या कपाळाला लावलं. घाईत निम्मं कुंकू नाकावर सांडलं. सासूबाई 'अगं' म्हणाल्या, तेवढंच. मी कुणाकडे न बघता पदर डोळ्यांना लावला, मग तिळगूळ घेतला आणि घरी आले. लिंकांचा कार्यक्रम माझ्याशिवाय झाला, म्हणजे झालाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून माझा फोन वाजायचा थांबेना. मोदकवाली गोड झाली, पार्लरवालीने फेशियल फुकट देऊ केलं, गणितवालीने माझ्या नसलेल्या नातवंडांची चौकशी केली. सेक्रेटरीबाईंनी झालं गेलं विसरून जाऊया असा मेसेज टाकला आणि त्याखालीच आपल्या बहिणीच्या लोणच्यांच्या साइटचा पत्ता. सगळ्यांना लिंक हवी होती. एकट्या सुनेचा मेसेज नव्हता. मी आठवडाभर वाट बघितली. मनात पाल चुकचुकत होती, आज मागेल, उद्या मागेल. तिने लिफ्टमध्ये हसून तब्येत विचारली आणि आपल्या मजल्यावर उतरून गेली.

मग एका दुपारी मी मशीन बाजूला ठेवलं आणि मुलीला फोनवर विचारत विचारत माझ्या साइटच्या पहिल्याच पानावर तिच्या क्लासची लिंक टाकली. वर लिहिलं, ही मुलगी मला माहीत आहे.

सासूबाईंना ते दिसायला वेळ लागला नाही. लिफ्टमध्ये त्यांनी मला गाठलं आणि विचारलं, इतक्या जणींनी मागितली, मग आमच्या सुनेलाच का दिली?

मी म्हटलं, "तिने मागितली नाही म्हणून."