यंत्रमानव पाणी पीत नाही

हिंदी मुलखातल्या बूढापारा मोहल्ल्यात अच्युतरावांचं घर कोणालाही विचारा. "ते रोबोटवाले काका?" म्हणत पोट्टे थेट दारापर्यंत आणून सोडतील. वीज खात्यातून निवृत्त झालेला माणूस, पेन्शन घेऊन गुमान बसावं की नाही? पण नाही! त्यांचं ते धूमकेतू मंडळ होतं ना. विज्ञानकथांचं वेड लागलेली पंधरा-वीस माणसं रविवारी सकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत जमायची, परग्रहावरच्या लोकांना भूक लागते का यावर तावातावानं भांडायची आणि मग भंगारातल्या कूलरच्या पत्र्यांवर हातोडे चालवायची. त्यातूनच लोखंड्या तयार झाला. सहा फुटी, हिरव्या डोळ्यांचा यंत्रमानव. आत शिरायचे ते अच्युतराव. दुपारी लोखंड्या दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात जायचा आणि मागून मंडळी पुस्तकं, हातानं केलेली खेळणी वाटायची.

नियम मात्र कडक. लोखंड्या मुलांसमोर डोकं काढत नाही, बोलत नाही, पाणीसुद्धा पीत नाही. एकदा अच्युतरावांना ताप होता म्हणून मंडळातला विकी आत शिरला, आणि वॉर्डाच्या दाराशीच डोकं काढून त्यानं उसाचा रस ढोसला. झालं! तीन महिने मंडळाबाहेर. "लेकरं आपल्याले खरं मानून राहिले, त्यांचा विश्वास तोडतो काहून बे?" अच्युतराव कडाडले. एकदा ठरवलं की ठरवलं, असा हेकट माणूस.

हाच हेका नऊ वर्षांपूर्वी घरात नडला. बायको लवकर गेली, लेकीला, गंधालीला, त्यांनीच वाढवलं. मंडळाची पहिली सभासद तीच. बापाच्या मांडीला मांडी लावून तारा जोडायची. पुढे तिनं नरेशशी लग्न केलं, बापाला न विचारता, आणि दोघं पाया पडायला आले. एप्रिलचं ऊन रणरणत होतं. अच्युतराव खुर्चीतून उठले नाहीत. या म्हणाले नाहीत, घोटभर पाणी विचारलं नाही. पोरगी बराच वेळ उंबऱ्यात उभी राहिली आणि गेली ती गेलीच. विशाखापट्टणमला असते, एवढंच लोकांकडून कळायचं. पस्तावा तर त्यांना दुसऱ्याच दिवशी झाला होता, पण फोनकडे हात जाईना. जळो मेली ती अकड!

आणि या मे महिन्यातल्या एका रविवारी लोखंड्या वॉर्डात शिरला, तर तिसऱ्या खाटेशी गंधाली उभी. खाटेवर सात-आठ वर्षांची पोट्टी, पायाला प्लास्टर. "मम्मी, सच्चीवाला रोबोट!" पोरगी ओरडली.

"हाथ मिलाओ, ईरा," गंधाली म्हणाली.

ईरा. म्हणजे आपल्याला नात आहे, हे अच्युतरावांना असं कळलं, पत्र्याच्या डोक्याआड. ईरानं लोखंडी पंजा घट्ट धरला. "आपका घर कहाँ है?" लोखंड्यानं नेहमीसारखं छताकडे बोट दाखवलं. सगळी पोरं हसली. आत अच्युतरावांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि पुसायला हात पोचत नव्हता.

गंधाली मात्र हसली नाही. ती बघत होती. मग तिनं बाटलीतून गिलासात पाणी ओतलं आणि लोखंड्यापुढे धरलं. "पाणी घ्या. आत गरम होत असेल." त्या अख्ख्या हिंदी वॉर्डात ती मराठीत बोलली, पण बापाच्या ते ध्यानात आलं नाही. त्यांना दिसत होती डोळे विस्फारून बघणारी लेकरं. शिवाय भीती. डोकं काढलं आणि पोरीनं सगळ्यांसमोर तोंड फिरवलं तर? लोखंड्यानं मान हलवली. नको. गंधालीनं गिलास बराच वेळ तसाच धरला, मग स्टुलावर ठेवून दिला.

दारातून बाहेर पडल्यावर अच्युतरावांनी ठरवलं, आता लोखंड्या म्हणून नाही, बाप म्हणून जायचं. पण नातीला भेटायला रिकाम्या हातानं कसं जायचं? म्हणून तळहाताएवढा लोखंड्या करायला घेतला. त्यानं डोळे मिचकावले पाहिजेत ना! त्या डोळ्यांपायी दोन दिवस गेले. बुधवारी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून वॉर्डात गेले, तर खाटेवर दुसरंच मूल.

"उसकी तो कल छुट्टी हो गई, बाबूजी," वॉर्डातला जुना शिपाई हिरालाल म्हणाला. "शादी में आए थे यहीं पास अभनपुर, वहीं गिर गई थी बच्ची. अब तो अपने घर निकल गए." मग जरा घुटमळत म्हणाला, "उसकी मम्मी आपकी तबीयत पूछ रही थी. बोली, मेरे बाबा हैं, चाल से ही पहचान गई थी. इतवार को शाम तक दरवाज़े की तरफ देखती रही."

"अजून काय म्हणाली?"

"बोली, पानी दिया था, नहीं लिया. हमारे हाथ का अब नहीं पिएँगे."

"अरे, नियम होता रे तो..." अच्युतराव म्हणाले आणि मटकन स्टुलावर बसले. "रोबोट पाणी पीत नाही ना... मले प्यायचं होतं रे, हिरालाल."

हिरालालला वाटलं, बाबूजींना ऊन लागलं. तो धावत जाऊन गिलासभर पाणी घेऊन आला. अच्युतरावांनी दोन्ही हातांनी गिलास धरला, तोंडाला लावला, पण घोट काही घशाखाली उतरला नाही.