सासऱ्यांच्या उंचीचा आरसा

लग्न होऊन मी सोलापुरात आले तेव्हा घरात धड आरसा एकच होता, आणि तो न्हाणीघरात, सासऱ्यांच्या उंचीवर टांगलेला. सासरे दारातून जाताना मान वाकवणारे, आणि नवरा त्यांच्यावरच गेलेला. अंघोळ झाली की दोघं आळीपाळीने त्या आरशासमोर उभे राहून कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढायचे. मी उभी राहिले की मला माझा भांग दिसायचा. भांगाच्या खाली काही नाही.

माहेरून आणलेल्या फणी-करंड्याच्या पेटीत एक आरसा होता, पण तो तडकला आणि फुटका आरसा घरात नको म्हणून सासूबाईंनी त्याच दिवशी बाहेर टाकला. दुसरा आणू का विचारलं, तर सासरे म्हणाले, "एक हाय की घरात. तुला तोंडं किती?"

मी सकाळच्या शाळेत शिकवायला जायचे. कुंकू अंदाजाने लावायचं आणि निघायचं. वर्गात पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या की समजायचं, आज डावीकडे गेलंय. एकदा तर मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर आपल्या पदराने माझं कपाळ पुसून दिलं. मला इतकी लाज वाटली की मधल्या सुट्टीत डबा उघडला नाही. घराबाहेर पडण्याआधी माझा चेहरा मला दिसावा, बाकी मला काही नको होतं.

बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहावं, तर ती दुष्काळाची वर्षं. घरातली प्रत्येक बादली पाणी साठवून भरलेली, रिकामी मिळणार कुठून? पाटावर चढले, तर तो ओल्या शहाबादी फरशीवर घसरला आणि माझा हात तापलेल्या बंबाला टेकला. भाजलेला हात नवऱ्यापुढे धरून म्हटलं, "अहो, तो आरसा जरा खाली घ्या."

"बघू की," ते म्हणाले.

हे 'बघू की' मी संक्रांतीपर्यंत ऐकलं. मग एके दिवशी गड्ड्याच्या जत्रेतून ते बगलेत काहीतरी मोठं गुंडाळून घेऊन आले. चेहरा नुसता फुललेला. "तुझ्या आरशाचं काम झालं बघ!"

कागदातून एक चौकट निघाली. सोनेरी रंग, दोन्ही बाजूंना पोपट, वर कमान आणि खाली फूल ठेवायला चांगली रुंद पट्टी. देवाच्या तसबिरीची चौकट होती ती. आरसा तिच्यात ठोकून बसवला आणि पुन्हा त्याच खिळ्याला टांगला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! खालच्या पट्टीने आरशाची कड झाकली आणि होता तो भांगही गेला.

"छान दिसते की नाही?" नवऱ्याने विचारलं.

"कोण?" मी म्हटलं. त्यांना काही कळलं नाही.

दुसऱ्या सकाळी सासऱ्यांनी विभूती लावली. समोर कमान दिसल्यावर हात सवयीने पुढे गेला, आणि ओल्या बोटांनी त्यांनी कमानीवरही तीन पट्टे ओढले. पुढल्या दिवशी पट्टीवर फूल आलं. झालं, चौकट देवाची झाली. "आता तिला कुणी हलवायचं न्हाय," सासरे म्हणाले. अहो, पण आत देव कुठे होता? आत त्यांचंच तोंड होतं! रोज फूल कुणाला वाहता, हे अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. बंबाच्या वाफेने पोपटांचा रंग ओघळला, तरी फूल चालूच.

सासूबाई माझ्याहून बुटक्या. त्यांचं कुंकू मात्र रोज गोल आणि बरोबर मधोमध. एकदा न राहवून विचारलं, "आत्याबाई, न बघता कसं जमतं तुम्हाला?"

"मी आले तवापास्नं आरसा तितंच हाय," त्या म्हणाल्या. "व्हईल की तुला बी सवय."

मला ती सवय नको होती.

ज्वारीच्या काढणीला सासरे मंगळवेढ्याच्या शेतावर गेले आणि मी हातोडी घेतली. नवरा मागेमागे करू लागला, "अप्पा आल्यावर काय सांगायचं?"

"बघू की," मी म्हटलं.

चौकट सोडवली, पुसली आणि देवघरातल्या तसबिरीला घातली. उघडा आरसा माझ्या तोंडासमोर धरून खिळ्याची खूण करत होते, तेवढ्यात सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता ओरडणार.

"अजून जरा खाली घे," त्या म्हणाल्या.

आरसा टांगल्यावर त्या पुढे आल्या. बराच वेळ बघत राहिल्या. गालावरून हात फिरवला, कानामागचे पांढरे केस पुढे ओढून पाहिले. "लई म्हातारी झाले की गं मी," त्या म्हणाल्या. "कुणी सांगितलं बी न्हाय."

मला रडू आलं, आणि रागही असा आला की हातातली हातोडी खाली ठेवावीशी वाटेना.

सासरे परतले त्या सकाळी न्हाणीघरातून गर्जना झाली, "आरसा खाली कुणी घेतला?" मी पदर खोचून उठले. पण सासूबाई माझ्याआधी दाराशी पोचल्या. सासऱ्यांसमोर त्यांचा चढलेला आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

"मी घेतला," त्या म्हणाल्या. "वाका की जरा."

सासरे वाकले नाहीत. त्या दिवशी त्यांच्या कपाळावरचे तिन्ही पट्टे डावीकडे उतरले होते. ते तसेच बाजारात जाऊन आले. घरात त्यांना कुणीच काही सांगितलं नाही.