अठरा दातांची गरारी

सीवूड्सच्या मॉलसमोर काल सिग्नलला एक मोटारसायकल अडकली आणि तिच्या जळत्या क्लचप्लेटांचा वास फूटपाथभर पसरला. करपट, घशात खवखवत उतरणारा. लोक नाकाला रुमाल लावून पुढे गेले. माझी पावलं मात्र जागीच राहिली. तो वास मला पारसिकच्या टेकडीवर नेतो, आणि तिथे जायला मला आवडत नाही.

साडेतीनशे सीसीची ती जुनी मोटारसायकल माझ्या सासऱ्यांची. ते बोनकोड्याचे शेतकरी. खाडीकाठची शेतं जाऊन इमारती उभ्या राहिल्या, तरी एके काळी भाताची पोती वाहिलेली ही गाडी त्यांनी जिवापाड सांभाळली होती. पक्षाघातानंतर डावा पाय ओढत चालायची वेळ आली, तेव्हा किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली. पुण्याकडचा, शिकलेला, ऑफिसात मान असलेला जावई म्हणून त्यांना माझं फार कौतुक. मला गाडी हवी होती. तिच्याबरोबर येणारी त्यांची बोली, त्यांचं मोठ्याने बोलणं, हे नको होतं.

गाडी ओढायची खूप, पळायची कमी. रविवारी सकाळी मित्रांबरोबर फिरायला निघालो की मी कायम मागे. म्हणून इंजिनाकडची गरारी, म्हणजे चेनचं पुढचं दातेरी चाक, बदलायचं ठरवलं: सोळा दातांची काढून अठराची, आणि तिच्या मापाने थोडी लांब चेन. सासरे गॅरेजात स्टुलावर बसून बघत होते. नव्या गरारीचे दात त्यांनी नखाने एकेक करून मोजले आणि हलकेच म्हणाले, "पलंल चांगली. पन चढावर क्लच जलंल." मी मेकॅनिककडे बघून हसलो.

पुढच्या रविवारी बायकोने आग्रह केला म्हणून त्यांना मागे बसवलं. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते सकाळीच तयार होते. पामबीच रोडवर गाडी खरोखर सुसाट गेली. मग बेलापूरला आलो, पारसिकचा चढ लागला, आणि अर्ध्यावर इंजिन नुसतं ओरडू लागलं. चाकाला जोर मिळेना, वास सुटला. ते बरोबर बोलले होते, याचाच मला संताप आला. मी त्यांना उतरायला सांगितलं. त्यांनी चढाकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे. "तुमी व्हा पुढं," म्हणाले, "मी येतो हलू हलू."

वर थांबलेल्या मित्रांपैकी एकाने विचारलं, मागे कोण बसलं होतं? मी म्हणालो, "गाडीचा जुना मेकॅनिक." ते पटकन तोंडून निघून गेलं, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. पण त्यांना वर पोहोचायला चांगली वीस मिनिटं लागली, आणि तेवढ्या वेळात ते वाक्य कितीदा तरी मागे घेता आलं असतं.

ते आले. सदरा घामाने पाठीला चिकटला होता. तोच मित्र आपल्या गाडीकडे बोट दाखवत म्हणाला, "मिस्त्री, जरा हिची क्लचकेबल बघ." सासऱ्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्यांना फक्त समजलं होतं. अधू पाय बाजूला पसरून ते मातीत बसले, केबल नीट ताणून दिली, हात त्या पांढऱ्या सदऱ्यालाच पुसले आणि मला म्हणाले, "झालं, साहेब."

घरी लेकीला त्यांनी सांगितलं, फिरणं मस्त झालं. मात्र त्या दिवसापासून ते मला साहेबच म्हणू लागले. जेवायला बसताना, सणासुदीला, शेवटी हॉस्पिटलच्या खाटेवरही, त्याच मऊ आवाजात. बायकोला ती जावयाची लाडिक चेष्टा वाटे.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा आलेल्या पाहुण्यांना ती कौतुकाने सांगत होती, बाबा यांना किती मानायचे, 'साहेब' म्हटल्याशिवाय कधी हाक मारली नाही. मी मान डोलावली. माणसाबरोबर सगळं विरून जातं असं आपण समजतो, पण एखादा शब्द मागे उरतो आणि दुसऱ्याच कुणाच्या तोंडी मायेचा होऊन बसतो. खरं सांगितलं तर बापाची तेवढी आठवण तिच्याकडून हिरावली जाईल, म्हणून मी गप्प राहतो. हे कारण किती सोयीचं आहे, ते फक्त मला ठाऊक आहे.