शिंगे सरांचे नमुने

डॉ. धोंडिबा शिंगे सरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. संपादक म्हणाले, गौरवाचे चार शब्द लिहा. लिहितो; पण हात जड झाला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

सरांची माझी पहिली भेट बिदरच्या प्रयोगशाळेत झाली. मी हुलसूरच्या शेतकरी घरातला, त्यांचा नवा संशोधक विद्यार्थी. सर हळ्ळीखेडचे, बौद्ध धम्म स्वीकारलेल्या घरातले. विषय कळला आणि माझं तोंडच उतरलं : डुकराचा डीएनए! घरी मी ‘म्हशींवर काम आहे’ असं ठोकून दिलं.

डीएनएचे काही तुकडे स्वतःच्या नकला करून जागोजागी जाऊन बसतात. डुकरात ते किती पसरलेत, हे सरांना शोधायचं होतं. रक्ताचे नमुने आणायला सर नौबादपलीकडे डुक्करवाल्यांच्या वस्तीत जात, बाजेवर बसून त्यांच्याबरोबर चहा घेत. मी नाकाला रुमाल लावून रस्त्यावर.

“कामून रे, तिथंच उभारलास? ये की आत.”

“न्हाई सर, हितंच बरं हाय.”

पुढे बंगळूरहून तपासणीची फिल्म आली; तुकडा असेल तिथे तिच्यावर काळी रेघ उमटते. प्रत्येक नमुन्यात वरपासून खालपर्यंत काळंच काळं. सरांना न विचारता, खाली सही न करता मी विभागप्रमुखांना लेखी कळवलं : ‘नमुन्यांत घाण मिसळली आहे.’ काम थांबवण्याचा आदेश आला. म्हशीची फिल्म अशी आली असती, तर मी घाण म्हटलं असतं का? नसतं. लाज वाटते हो लिहिताना.

सरांनी माझं अक्षर ओळखलं होतं. एका फेरतपासणीची परवानगी मागून ते मला एवढंच म्हणाले, “या खेपेला रक्त तू काढ. मी हात लावत न्हाई.”

काढलं. उकळलेल्या सुया, कोऱ्या बाटल्या, सगळं माझ्या हातचं. फिल्म पुन्हा तशीच काळी! घाण नव्हतीच, ते तुकडेच सगळीकडे होते. सरांना हवं होतं ते उत्तर पहिल्याच फिल्मवर आलं होतं.

तरीही मी प्रमुखांकडे जाऊन चूक कबूल केली नाही. आदेश तसाच राहिला, काम रखडलं, तोवर दुसऱ्या शहरातल्या संशोधकांनी तेच छापलं. सरांचं नाव राहून गेलं. आणि सरांनी काय करावं? माझ्या नोकरीसाठी स्वतःहून शिफारसपत्र लिहिलं. ‘काळजीपूर्वक काम करणारा’ असे त्यातले शब्द आहेत. ते पत्र मी कुणाला दाखवत नाही.

सर, आपल्याला निरोगी आणि खूप मोठं आयुष्य लाभो. यात माझा स्वार्थही आहे. कागदावर कबूल केलं. आपल्यासमोर उभं राहून माफी मागायची हिंमत अजून झालेली नाही.