ट्रकाची तहान

रुक्मिणीचं माहेर धामापूरचं. तळ्याकाठी वाढलेल्या पोरीला पाणी मोजायची सवय नसते. ती सवय तिला मिठबावला, सासरी लागली. समुद्र अंगणाला टेकलेला, पण गोड्या पाण्याची विहीर एकच, तीही तीन घरांत मिळून. चैत्र सरला की पाणी तळाला जाई, आणि हावरेपणाने उपसलं की खारट होई. म्हणून बायकांनीच ठरवलं होतं: सकाळी पाणी भरायचं, मग दिवे लागेपर्यंत पोहरा टाकायचा नाही. विहिरीला दम खाऊ द्यायचा.

तिचा नवरा गुरुदास मासळीचा व्यापारी. माल भाड्याच्या गाडीने घाटावर जाई. एकसष्ट साली त्याच्या मनाने घेतलं की गाडी आपलीच हवी. बेळगावच्या एका दलालाने दोन गाड्या आठवडाभर वापरून बघायला दिल्या: एक जीपच्या तोंडाचा लहान पिकअप, दुसरा लष्कराने मोडीत काढलेला धिप्पाड ट्रक. आठवडाभर घरापुढच्या खळ्यात दुसरा विषय नव्हता.

"ल्हान गाडी तेल कमी पिता, पाणंदीत वळता," लवू ड्रायव्हर म्हणायचा.

"आणि घाटात धापा टाकता," गुरुदास म्हणायचा. "मोठो बघ. सकाळी सुरमय, सांजेक मुंबयचे चाकरमानी. मागे आख्खा वऱ्हाड बसात."

"म्हणजे न्हवऱ्याक बांगड्याचो वास!"

"वास कित्या येतलो? धुवचो ना ट्रक."

कोणी धुवायचा, हे कोणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. दोन्ही गाड्या आठवडाभर रुक्मिणीच धूत होती. बर्फाचं पाणी, रक्त, खवले सगळं हौद्यात साचे आणि रातोरात पत्र्याला लागे. गोड्या पाण्याने रोज खळखळून धुतलं तरच पत्रा टिके. लहान गाडी तिच्या घरच्या दिवसाच्या पाण्यात उरके. मोठीला तिन्ही घरांचं पाणी कमी पडे, आणि फाळक्याच्या सांध्यातले खवले तरी निघत नसत.

चहा ठेवता ठेवता ती म्हणाली, "ल्हान घेवा. मोठ्याक पाणी पुराचा नाय."

गुरुदास हसला. लवूकडे बघून हसला, हे तिला जास्त लागलं. "पाणी काय इकत घेवचा लागता?"

मोठा ट्रक आला. हार घातला, नारळ फोडला. वैशाखात विहिरीचं पाणी जिभेला खारट लागू लागलं. एका सकाळी शेजारची सावित्री रिकामी कळशी कमरेवर घेऊन उभी राहिली.

"काय गो, तुझ्या ट्रकाची आंघोळ झाली? आता आमी भातात काय घालू, पेट्रोल?"

सावित्री खोटं बोलत नव्हती. संध्याकाळी रुक्मिणीने नवऱ्याला सांगून टाकलं, "बांव खारी झाली. ट्रकाक पाणी नाय."

"नाय तर नाय," तो पान जुळवत म्हणाला. "तुझ्या माहेराक येवढा तळा आसा. आयतवारी सगळी जावया. देवीक जाव, सासऱ्याकडे जेव, आणि ट्रक थंयच धुवन काढू."

त्या तळ्यात तिच्या आईने तिला कधी चूळ टाकू दिली नव्हती. काठावर भगवतीचं देऊळ. तिथे हा मासळीचं रक्त सोडणार, आणि वर जेवायला बसणार.

"माझ्या माहेराक तुमी जावय म्हणान येतास, काय गाडयेची मोरी सोधूक?"

"तोंड सांभाळ."

"इतकी वर्सा ताच केलंय."

दुसऱ्या दिवशी ट्रक खळ्यात लागला. तिने दोन हंडे उचलले आणि तडक समुद्राकडे गेली. आली ती भरले हंडे घेऊन, आणि गुरुदासच्या देखत हौद्यात ओतले.

"गो, खारा ता! पत्रो कुजात!"

"कुजांदे."

"येड लागला तुका?"

"पाणी काय इकत घेवचा लागता? समुद्रात मोप आसा."

त्याने पोहरा उचलला आणि तो विहिरीकडे धावला. कठड्यावर सावित्री बसली होती, आणि तिसऱ्या घरची म्हातारी गोदूबाई. गोदूबाईने मान वळवली नाही.

"पोहरो थंय ठेव, गुरुदासा. अजून दिवे लागाक नाय."

तो परतला. लवूकडे बघितलं. लवू म्हणाला, "माका गाडी हाकूक ठेवलास, न्हाणूक नाय."

आयतवारी धामापूरला कोणी गेलं नाही. रुक्मिणीने रोज संध्याकाळी ट्रक धुतला, नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून, समुद्राच्या पाण्याने. दुसऱ्या वर्षी हौद्याला भोकं पडली आणि मासळीचं पाणी वाटभर गळू लागलं. गुरुदासने तो मोडीत घातला. "बायलेन माझो ट्रक खाल्ल्यान," तो बाजारभर सांगत फिरला. ती नाही म्हणाली नाही.

मग लहान पिकअप आला. पहिल्याच संध्याकाळी खळ्यात थांबून गुरुदासने सवयीने हाक दिली, "धू गो!"

रुक्मिणी बाहेर आली. तिने दोर आणि पोहरा गाडीच्या तोंडावर आदळला, ती आत गेली आणि आतून कडी घातली.