पणजीचा दगड

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतल्यानंतर, मला पणजीचं माहेर शोधायची हुक्की आली. पपांचं मूळ गाव अर्नाळ्याच्या रस्त्याला, फार लांब नाही, पण आम्ही लग्नामयताखेरीज जायचो नाही. पणजोबांनी दोन लग्नं केली होती. आम्ही पहिलीच्या वंशातले, गावातल्या घरात राहणारे काका दुसरीच्या. पहिलीबद्दल एवढंच ठाऊक होतं की ती बाळंतपणात गेली.

पपांना घेऊन आधी चर्चमध्ये गेले. फादरांनी जुन्या वह्या काढून दिल्या. तिच्या मरणाच्या नोंदीत माहेराचा उल्लेखच नव्हता. लग्नाच्या वहीतलं तिचं पान ओलीने लगदा झालेलं. पुढचं एक पान मात्र स्वच्छ होतं. ती गेल्यावर तीन महिन्यांनी पणजोबांनी दुसरं लग्न केलं, तेही सुवाच्य अक्षरात.

दुपारी काकांकडे जेवलो. काकूने बोय माशांचं कालवण केलं होतं. मी दोनदा वाढून घेतलं आणि हात धुवायला मागच्या विहिरीवर गेले. तिथे मासे साफ करायचा दगड होता. त्यावर खवले चिकटलेले, आतड्यांचा लगदा, घोंघावणाऱ्या माश्या. मांजर एक कोपरा चाटत होतं. त्या कोपऱ्यात मला अक्षरं दिसली. कोरलेली. खाचांत वाळलेलं रक्त भरलं होतं.

"काका, हा दगड कुठला?"

"कबरीवरचा," काका सहज म्हणाले. "ती कबर दुसऱ्यांना दिली तेव्हा आमच्या बापाने घरी आनला. चांगला सपाट हाय. पानी मार, साफ होईल."

केळींच्या मागे जाऊन मी सगळं जेवण ओकले. मग काथ्या घेऊन दगड घासत बसले. पणजीचं नाव निघालं. वय चोवीस. खाली बारीक अक्षरात : होळी गावच्या भावांनी बसविला. नवऱ्याने दगडही बसवला नव्हता.

पपा ओटीवर दात कोरत बसले होते.

"तुम्हाला माहीत होतं?"

"लहानपणापासून तिथंच आहे तो. आम्ही त्यावर कैऱ्या फोडायचो."

"कधी वाचला नाहीत?"

"वाचला होता," पपा म्हणाले आणि काडी फेकली.

काका म्हणाले, न्यायचा तर ने, पण तेवढाच दुसरा आणून दे, हिची गैरसोय नको. पुढच्या रविवारी मी टेम्पोतून कडप्प्याची लादी नेली आणि दगड घेऊन आले. काकूने नवी लादी हाताने चाचपून पाहिली, जरा गुळगुळीत आहे म्हणाली.

होळी गावात त्या भावांचं घर सापडलं. वाडीच्या कडेला एक म्हातारी वाल सोलत होती, त्या भावांपैकी एकाची सून. तिने माझं सगळं ऐकून घेतलं, वालाची टरफलं पदरातून झटकली आणि विचारलं, "वाडीत हिस्सा मागाया आलीस?"

दगड त्यांना द्यायचा विचार मी तिथेच सोडला. तो आमच्या बाल्कनीत भिंतीला टेकवून ठेवला. साबण, फिनेल, चुना, सगळं लावून झालं, तरी उन्हात खाचांमधून वास येतोच. पपा सकाळी तिथेच खुर्ची टाकून पेपर वाचायचे. मी चहा आतूनच पुढे करायचे.