उलटी, सुलटी आणि सिस्टर

गेल्या मार्चमध्ये दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या क्लबरूममधला रविवारचा नर्सिंगचा क्लास बंद झाला. तो घेणाऱ्या सिस्टर आयसीयूतून निवृत्त होऊन नागपूरला गेल्या.

क्लासच्या शेजारी पेपर वाचायला बसणाऱ्या आपल्या सगळ्यांना त्यांचा आवाज आठवत असेल. रक्ताचा रिपोर्ट समोर आला की त्या आकड्यांवर तळहात ठेवायच्या. "आकडे कुठे पळत नाहीत. आधी पेशंट सांग."

रक्तातलं आम्ल-अल्कलीचं गणित कशामुळे बिघडलं, हे ओळखायची त्यांची खूण होती, "श्वासाची दिशा उलटी, बाकीची सुलटी." कार्बन डायऑक्साइड पीएचच्या विरुद्ध गेला तर दोष श्वासाचा. बायकार्बोनेट पीएचबरोबर गेलं तर मेटाबॉलिक, म्हणजे चयापचयाचा.

सानिका आमच्याच मजल्यावरची, दिल्लीत वाढलेली. वयाच्या अटीमुळे सरकारी नर्सभरतीची यंदाची परीक्षा तिची शेवटची होती. सराव चाचणीत उलट्या होणाऱ्या पेशंटचा दोष तिने श्वासाचा ठरवला.

"आम्ल पोटातून गेलं, बाई. श्वास कुठून आला?"

"ताई, तुम्हीच बोलल्या ना, श्वासाची उलटी!"

वर्ग हसला. त्या दिवसापासून सिस्टर 'विरुद्ध' म्हणू लागल्या. पण सवयीने आधी 'उलटी' यायचंच, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं, "बाल्टी लाओ!"

एका गोष्टीवर त्या अडून बसायच्या. पीएच अगदी ठीक दिसला की गाईड म्हणतं, शरीराने भरपाई पूर्ण केली. सिस्टर म्हणायच्या, "शरीर सहसा इतकी भरपाई करत नाही. दोन बिघाड विरुद्ध बाजूंना ओढत असतील. शोध."

परीक्षेत ॲस्पिरिनच्या गोळ्या जास्त घेतलेला पेशंट आला. पीएच ठीक, बाकीचे दोन्ही आकडे खाली. केंद्राबाहेर येताच सानिकाने नागपूरला फोन लावला. स्पीकर चालू होता.

"ताई, मी दोन बिघाड निवडले. श्वासाचा आणि मेटाबॉलिक."

"गाईडमध्ये काय असतं?"

"भरपाई पूर्ण."

"मग ते का नाही निवडलंस?"

"यार ताई, त्याने गोळ्या खाल्ल्या होत्या ना! त्या श्वासही वाढवतात आणि आम्लही."

पलीकडून उत्तर आलं, "बिल्कुल. आता घरी जा, जेव."

उत्तरसूचीत तिचंच उत्तर बरोबर निघालं. सानिकाची निवड झाली. ऑगस्टमध्ये ती आयसीयूत रुजू झाली. पहिली पाळी सकाळची होती.